विश्लेषण : झेपणाऱ्या भारानेच लोखंड का तुटते? रेल्वेच्या ॲक्सलपासून पवनचक्कीच्या पात्यापर्यंत पोहोचलेले ऑगस्ट व्होलर यांचे काम

गंगापूर तालुक्यातील वाळूजमध्ये १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि हा परिसर दुचाकी व सुट्या भागांच्या निर्मितीसाठी ओळखला जाऊ लागला. दुचाकीचा सांगाडा असो, शॉकॲब्सॉर्बर असो की क्रँकशाफ्ट, असा भाग रस्त्यावर येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याला चाचणीयंत्रावर लाखो वेळा हिसके देऊन पाहायचे, ही वाहन उद्योगात रुळलेली रीत आहे. शंभर मीटरच्या आसपास लांबी असलेल्या पवनचक्कीच्या पात्यालाही याच परीक्षेतून जावे लागते. फरक इतकाच, की पात्याची परीक्षा कित्येक महिने चालते. या दोन्ही चाचण्यांचे मूळ एकाच माणसाच्या कामात आहे. रेल्वेच्या कार्यशाळेचा प्रमुख असलेल्या या जर्मन अभियंत्याचे नाव ऑगस्ट व्होलर.

कोण होते ऑगस्ट व्होलर?

शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटणारे व्होलर ते हे नव्हेत. प्रयोगशाळेत युरिया तयार करणारे फ्रेडरिक व्होलर वेगळे. ऑगस्ट व्होलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी तेव्हाच्या हॅनोवर राज्यातील सोल्टाऊ या लहान गावी झाला. वडील शाळामास्तर होते. गणितातली गती पाहून ऑगस्टला हॅनोवरच्या तंत्रशाळेत पाठवण्यात आले. शिक्षण संपल्यावर त्यांनी बर्लिनच्या बोर्सिग कारखान्यात उमेदवारी केली. तिथे वाफेची इंजिने तयार होत. पुढे बेल्जियममध्ये जाऊन ते इंजिन चालवायला शिकले आणि हॅनोवरच्या रेल्वेत नोकरीला लागले.

१८४७ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, बर्लिन आणि ब्रेस्लाऊ यांना जोडणाऱ्या लोअर सायलेशियन रेल्वेच्या इंजिन-डब्यांची आणि यंत्रसामग्रीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ब्रेस्लाऊ म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ. त्यांची कार्यशाळा ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्ट येथे होती. विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता. गाड्या वेळेवर आणि सुखरूप धावाव्यात, ही त्यांची नोकरी होती. पुढे जगभर मान्य झालेले काम त्यांनी ही नोकरी सांभाळत केले.

रेल्वेचे ॲक्सल का तुटत होते?

रेल्वे तेव्हा नवी होती. गाड्या लांब होत होत्या, वेग वाढत होता आणि एक विचित्र प्रकार पुन्हा पुन्हा घडत होता. वर्ष-दोन वर्षे बिनतक्रार धावलेला चाकाचा ॲक्सल एखाद्या दिवशी अचानक तुटे. त्या दिवशी भार नेहमीचाच असे, रूळ नेहमीचेच असत. तुटण्याआधी ॲक्सल वाकलेलाही दिसत नसे.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये दिसले. व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल म्यूदोंजवळ तुटला. इंजिन कोसळले, मागचे डबे त्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी आग लागली. डब्यांचे दरवाजे बाहेरून कुलूपबंद होते. ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यात दक्षिण ध्रुवीय प्रदेशाचा शोध घेणारे दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल आणि त्यांचे कुटुंबही होते.

त्या काळची समजूत काय होती?

वारंवार हादरे बसल्याने लोखंडाचा पोत बदलतो, तंतुमय लोखंडाचे खड्यांसारखे स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनते, असे बरेच अभियंते मानत. तुटलेल्या जागी चमकणारे दाणे दिसत, म्हणून ही समजूत पटण्यासारखी होती. प्रत्यक्षात तसे काही होत नाही.

खरा धागा काहींच्या हाती आला होता. हॅनोवर राज्यातल्याच क्लाउस्टाल येथील खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी खाणीतल्या साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार टाकून पाहिला होता. त्याचे निष्कर्ष १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी १८४३ मध्ये तुटलेले ॲक्सल तपासून दाखवले, की चीर एका कोपऱ्यात सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. फ्रान्सचे पोन्सले धातू थकतो, अशी भाषा वापरू लागले होते. अभियंते आज ज्याला फटिग म्हणतात, तो शब्द याच काळातला.

घरातली बाइंडिंगची तार हाताने ओढून तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिले की तुटते. ॲक्सलचे तेच होत होते. मात्र त्याचे वाकणे डोळ्यांना दिसत नव्हते. किती वाकवले तर किती वेळात तुटेल, हा आकडा कोणाकडेच नव्हता. आकड्याशिवाय सुरक्षित ॲक्सल किती जाड असावा, हे ठरवता येत नव्हते.

व्होलर यांनी सुरुवात कुठून केली?

प्रशियाच्या सरकारने ॲक्सलचा प्रश्न तपासण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यांनी थेट प्रयोगाला हात घातला नाही. धावत्या गाडीत ॲक्सलवर नेमका किती ताण येतो, हे त्यांनी आधी मोजले. त्यासाठी डब्याखाली बसवता येईल असे एक साधे उपकरण त्यांनी स्वतः तयार केले. ॲक्सल जितका वाकेल, तितका लांब ओरखडा एक टोकदार काटा जस्ताच्या पत्र्यावर काढी. प्रवास संपल्यावर पत्रा काढून ओरखडे मोजायचे. ही मोजमापे १८५८ आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावून तेव्हा जेमतेम पाच-सात वर्षे झाली होती.

या मोजणीमागचा विचार साधा होता. ॲक्सलने आपल्या सेवाकाळात किती अंतर कापायचे, तेवढ्या अंतरात मोठे हिसके किती वेळा बसतील आणि ते केवढे असतील, एवढे कळले तर तितके हिसके सोसणारा ॲक्सल पुरेसा आहे. वस्तूला ठरावीक आयुष्य गृहीत धरून तिची रचना करायची, ही आज सर्वत्र मानली जाणारी कल्पना त्यांच्या या हिशेबात स्पष्ट दिसते.

त्यांचे चाचणीयंत्र कसे होते?

गाडीचा भार ॲक्सलवर कायम वरून खाली येतो. तो बदलत नाही. पण ॲक्सल फिरत असतो. भाराने किंचित वाकलेल्या ॲक्सलचा वरचा पृष्ठभाग एका क्षणी ताणलेला असेल, तर अर्ध्या फेरीनंतर तोच भाग खाली येतो आणि दाबला जातो. भार स्थिर असूनही धातूचा प्रत्येक कण प्रत्येक फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो.

व्होलर यांनी हीच स्थिती कार्यशाळेत उभी केली. फिरणाऱ्या दांड्यात ॲक्सलच्या धातूचा नमुना घट्ट बसवायचा, त्याच्या मोकळ्या टोकावर स्प्रिंगने ठरावीक भार द्यायचा आणि नमुना तुटेपर्यंत फेऱ्या मोजायच्या. मग पुढच्या नमुन्यावर थोडा कमी भार. कमी भाराचे नमुने इतके टिकत, की एकेक चाचणी महिनोन् महिने चाले आणि फेऱ्यांचा आकडा कोटीत जाई. नुसते ओढणे, एकाच बाजूला वाकवणे, पिळणे यांसाठीही त्यांनी निरनिराळी यंत्रे उभी केली. कृपच्या कारखान्यातील पोलादासह वेगवेगळ्या धातूंचे नमुने त्यांनी तपासले. हे काम १८७० पर्यंत चालले.

त्यातून काय निष्पन्न झाले?

पहिला निष्कर्ष असा, की धातू एका दमात जेवढा भार सहज पेलतो, त्याहून खूप कमी भारानेही तो तुटू शकतो. तो भार पुरेशा वेळा आला पाहिजे, एवढेच.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा ठरला. ताण किती वर गेला यापेक्षा तो वर-खाली किती झाला, यावर आयुष्य ठरते. कायम लोंबकळणारे मोठे ओझे धातू वर्षानुवर्षे सहन करतो. त्याहून लहान, पण सतत उलटसुलट होणारे ओझे त्याला मारते.

तिसरा निष्कर्ष रचनेचा होता. जिथे ॲक्सलची जाडी एकदम बदलते, तिथल्या काटकोनी खाचेत चीर सुरू होते. तो कोपरा गोलाकार केला की आयुष्य वाढते. याशिवाय लोखंड-पोलादासाठी ताणाची एक मर्यादा असल्याचेही त्यांना दिसले. तिच्या खाली राहिल्यास नमुना तुटतच नाही, असा अनुभव येत होता.

काम मान्य व्हायला किती काळ लागला?

व्होलर यांनी आपले आकडे बांधकामविषयक सरकारी नियतकालिकात तक्त्यांच्या रूपात छापले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे तुटलेले नमुने मांडण्यात आले आणि त्यांची माहिती इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जाणारा आलेख, म्हणजे एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला फेऱ्यांची संख्या, त्यांनी स्वतः काढलेला नव्हता. त्यांच्यानंतर हे काम पुढे नेणाऱ्या श्पांगेनबेर्ग यांनी आकडे रेषेत मांडले. त्या रेषेला व्होलर यांचे नाव तर विसाव्या शतकात मिळाले.

१८७४ मध्ये ते स्ट्रासबुर्ग येथे आल्सास-लॉरेन रेल्वेच्या संचालक मंडळावर गेले आणि १८८९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. या काळात त्यांनी वेगळा आग्रह धरला. रेल्वेने पोलाद विकत घेताना कारखानदाराच्या शब्दावर विसंबू नये. पोलादाची प्रत ठरवणारी मानके असावीत आणि ती तपासणाऱ्या स्वतंत्र सरकारी प्रयोगशाळा असाव्यात. पोलाद उत्पादकांना हे रुचले नाही, विरोधही झाला. पण सामग्री तपासणाऱ्या संस्था जर्मनीत उभ्या राहिल्या, त्यामागे हा आग्रहही होता. २१ मार्च १९१४ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, हॅनोवर येथे त्यांचे निधन झाले.

पवनचक्कीच्या पात्याशी याचा संबंध काय?

पवनचक्कीचे पाते व्होलर यांच्या ॲक्सलसारखेच दुखणे घेऊन जन्माला येते. पाते एका बाजूला आडवे असताना स्वतःच्या वजनाने एका कडेकडे वाकते. अर्धी फेरी झाली की ते दुसऱ्या बाजूला आडवे असते आणि आता विरुद्ध कडेकडे वाकते. गुरुत्वाकर्षण तेच, वजन तेच, फक्त फिरण्यामुळे ताणाची दिशा उलटते. मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या तर वर्षाला सुमारे ५२ लाख आणि २५ वर्षांत सुमारे १३ कोटी वेळा हे घडते. वाऱ्याचे झोत पात्याला मनोऱ्याच्या दिशेने वाकवतात, तो मार वेगळाच.

पाते लांब केले की हे दुखणे वाढते. सगळी मापे त्याच प्रमाणात ठेवून लांबी दुप्पट केली, तर वजन आठपट होते आणि स्वतःच्या वजनाने येणारा ताण दुप्पट. म्हणून मोठ्या पात्यांत काचतंतूंच्या जोडीला हलके कार्बन तंतू वापरावे लागतात आणि वजन कमी करण्यासाठी प्रत्येक थराचा हिशेब करावा लागतो.

आणखी एक अडचण सामग्रीची आहे. पाती लोखंडाची नसतात. काचतंतूंचे थर राळेत भिजवून, दोन कवचे गोंदाने जोडून ती बनवतात. लोखंडाला जशी सुरक्षित मर्यादा सापडते, तशी ठाम मर्यादा या मिश्र सामग्रीला मानता येत नाही. राळेत बारीक तडे जातात, थर सुटतात, चिकटवलेल्या कडा उकलतात आणि हे नुकसान साचत जाते.

पात्याची चाचणी कशी घेतली जाते?

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१४००-२३. पात्याचे बूड काँक्रीटच्या भक्कम ठोकळ्याला बोल्टने आवळतात आणि उरलेले पाते हवेत आडवे राहते. आधी ठरावीक भार एकदा देऊन स्थिर चाचणी होते. मग खरी परीक्षा. पात्यावर हलणारे किंवा फिरणारे वजन बसवून त्याला त्याच्या नैसर्गिक लयीत झुलवतात. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला छोटा धक्का जसा मोठा झोका देतो, तसे थोड्या ऊर्जेत पात्याचे टोक कित्येक मीटर वर-खाली जाते. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा कडेच्या दिशेने, असे लाखो झोके दिले जातात. पात्यावर चिकटवलेले मापक ताण नोंदवत राहतात आणि अधूनमधून थांबून तडे शोधले जातात. शेवटी पुन्हा स्थिर चाचणी.

१३ कोटी फेऱ्या काही लाखांत कशा बसवायच्या? भार वाढवून. कोणत्या भाराने किती आयुष्य खर्च होते, याचा हिशेब स्वीडनचे पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि अमेरिकेचे मायनर यांनी १९४५ मध्ये मांडला. त्याचा पाया व्होलर यांचाच आलेख आहे. काचतंतूंच्या पात्यांसाठी हा आलेख इतका सपाट असतो, की रूढ गणितानुसार भार साधारण सात टक्क्यांनी वाढवला तर आयुष्य निम्म्यावर येते. म्हणूनच चाचणीत भार थोडा जरी चुकला, तरी निष्कर्ष पार बदलतो.

पाते जितके मोठे, तितकी त्याची लय संथ. दोन सेकंदांना एक झोका धरला, तर १० लाख झोक्यांना न थांबता २३ दिवस लागतात. दोन दिशा, तपासण्या आणि दुरुस्त्या धरून चाचणी महिन्यांवर जाते. २०१९ मध्ये फ्रान्समधील शेरबुर येथे तयार झालेले १०७ मीटरचे पाते तपासण्यासाठी ब्रिटनमधील ब्लाइथ आणि अमेरिकेतील बोस्टन येथील केंद्रांत पाठवावे लागले. इतके मोठे पाते तपासू शकणारी केंद्रे जगात थोडीच आहेत.

चाचणी होऊनही पाती का तडकतात?

याचे उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने अमेरिकेला पुरवलेल्या एस-८८ पवनचक्क्यांच्या काही पात्यांना तडे गेल्याचे आढळले. २००८ मध्ये कंपनीने तिथल्या १,२५१ पात्यांचे मजबुतीकरण करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. असे प्रश्न इतर देशांतील उत्पादकांनाही आले आहेत.

यातून एक मर्यादा लक्षात येते. व्होलर यांनी एकाच धातूचे अनेक नमुने तोडून पाहिले, कारण सारखे दिसणारे दोन नमुने सारखे टिकत नाहीत. पात्याच्या बाबतीत ते परवडत नाही. एका प्रकारच्या हजारो पात्यांमागे सहसा एकदोनच पाती पूर्ण चाचणीला जातात. चाचणीचे पाते काळजीपूर्वक बनवलेले असते. कारखान्यातून रोज निघणाऱ्या पात्यांत मात्र एखाद्या ठिकाणी गोंद कमी पडतो, एखाद्या थराला सुरकुती राहते आणि चीर नेमकी तिथूनच सुरू होते. दुसरी मर्यादा मोजणीची. ज्या वाऱ्याचा हिशेब धरून चाचणी झाली, त्यापेक्षा प्रत्यक्ष ठिकाणचा वारा वेगळा निघाला, तर चाचणीत उत्तीर्ण झालेले पातेही कमी टिकते. आधी जागेवर जाऊन मोजा, हा व्होलर यांचा क्रम इथे लागू पडतो.

आज हा विषय महत्त्वाचा का?

साताऱ्यातील वनकुसवडेचे पठार, धुळ्यातील साक्री तालुक्याचा ब्राह्मणवेल परिसर, अशा ठिकाणी राज्यात पवनचक्क्या उभ्या आहेत. या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या अनेक यंत्रांचे २० वर्षांचे अपेक्षित आयुष्य संपले किंवा संपत आले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्यासाठी आणि काहींचे आयुष्य वाढवण्यासाठी धोरण जाहीर केले. जुनी यंत्रे काढून मोठी बसवायची, की तपासून आणखी काही वर्षे चालवायची, हा निर्णय मालकांपुढे आहे.

बाहेरून धडधाकट दिसणारे पाते आणखी पाच वर्षे चालेल का, याचे उत्तर त्याने आजवर किती झोके खाल्ले आणि ते केवढे होते, यावर अवलंबून आहे. ज्या पवनचक्कीच्या वाऱ्याच्या, वेगाच्या, बंद-चालू होण्याच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी नीट ठेवलेल्या आहेत, तिच्याबद्दल हिशेब मांडता येतो. नोंदी नसतील तर पाते उतरवून किंवा दोराने वर चढून तपासण्याखेरीज मार्ग उरत नाही.